साहेबरावांचा एकच खटका

साहेबरावांनी माझ्याकडं पहिल्यांदा शिवायला टाकलं ते झबलं होतं. कॅमेऱ्याचं.

मी घरीच ब्लाउज शिवते. जालन्याच्या एमआयडीसीच्या अलीकडं आमची कॉलनी आहे. दाराला पिको-फॉलची पाटी आहे, त्यामुळं दिवसभर बायकांची ये-जा असते. पुरुष माणूस दारात आला तर तो बायकोचा ब्लाउज न्यायलाच आलेला असतो. साहेबराव तेव्हा नुकतेच मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायला आले होते. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात बियाण्याच्या कंपनीचा निळा शर्ट, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

"वैनी, झबलं शिवायचंय," ते म्हणाले. "आतून मऊ पाहिजे, सुती. बाहेरून जाड."

"किती महिन्यांचं आहे बाळ?" मी विचारलं.

"जुनं हाय. कंपनीतून मिळालंय."

मी मशीन थांबवलं. त्यांनी टॉवेल उघडला, तर आत हा एवढा थोरला काळा कॅमेरा! मी टेप घेऊन पुढं झाले, तसे ते दोन पावलं मागं सरकले.

"टेपला पत्र्याचं टोक हाय, वैनी. घासंल त्याला."

"मग माप कसं घेऊ? अंदाजानं?"

शेवटी त्यांनीच खिशातून सुतळी काढली, स्वतःच्या हातानं कॅमेऱ्याचं माप घेतलं आणि सुतळी माझ्या हातात दिली. बटण नको म्हणाले, बटणानं ओरखडा येतो. नाडी लावा. आणि भिंगासाठी वेगळं टोपरं पाहिजे, हनुवटीखाली बांधता येईल असं. मी म्हणलं, तीट लावायची का? तर गंभीरपणानं विचार करून म्हणाले, "नको. काजळ आत गेलं तर?"

असा हा माणूस. माझं तोंड जरा फटकळ आहे, कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी मी गुमान झबलं शिवलं. राहिलेल्या फ्लॅनेलचं टोपरंसुद्धा शिवलं.

साहेबराव मूळ हसनाबादचे. बियाण्याच्या कंपनीत प्रतवारीच्या मशीनवर होते. कंपनीच्या बड्या साहेबानं डिजिटल कॅमेरे नवे नवे निघाले तेव्हाच हा घेतला होता. बियाण्याच्या पाकिटावर छापायला कपाशीची बोंडं आणि टमाटे यांचे फोटो लागत. साहेब प्लॉटवर निघाला की बॅग आणि स्टँड उचलायचं काम साहेबरावांचं. पुढं साहेबानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना साहेबरावांना देऊन टाकला. देताना बोलला ते मात्र बोलायला नको होतं. म्हणाला, "साहेबराव, जपून वापरा. याचं शटर आता फार दिवसांचा सोबती नाही."

झालं! त्या दिवसापासून ह्या माणसाच्या जिवाला जो घोर लागला, तो लागलाच.

शटर म्हणजे काय ते मलाही त्यांनीच समजावलं. आत बारीक पडदा असतो. फोटो काढला की तो उघडतो आणि मिटतो, त्याचा खट् असा आवाज होतो. ह्या आवाजाला ते खटका म्हणत. प्रत्येक कॅमेऱ्याच्या नशिबात खटके ठरलेले असतात, ते संपले की पडदा मोडला. आणि साहेबानं आतापर्यंत किती उडवले हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबराव कॅमेरा घेऊन औरंगाबादच्या एका दुरुस्तीवाल्याकडंसुद्धा जाऊन आले. तो कॅमेरा कानाशी धरून म्हणाला, "चाचा, इसका पार्ट अब आता नहीं. जब तक चल रहा, चलाओ."

"ह्याचं निम्मं आयुष्य कपाशीच्या बोंडात गेलं हो, वैनी," साहेबराव कळवळून सांगायचे. "एका बोंडाला साहेब धा-धा खटके मारायचा. बोंड काय पळून जाऊन राह्यलं होतं का?"

मग काळजी तरी एक का? स्टीलच्या कारखान्यांची काजळी आमच्या गच्चीवर बसते, ती आत गेली तर? पावसाळ्यात भिंगाला बुरशी आली तर? म्हणून कॅमेरा झबल्यासकट तांदळाच्या डब्यात. बॅटरी म्हातारी झालेली, थंडीत लगेच मान टाकायची. म्हणून थंडीत बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. किराणा दुकानात उभे असले तरी मधूनच छातीवर हात दाबून बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, ह्यांना झटका येऊन राह्यलाय. दोनदा लोकांनी रिक्षात घालायची तयारी केली होती.

चैत्रात रामनवमीला कंपनीची माणसं टेम्पो करून जांब समर्थला गेली. साहेबराव कॅमेरा घेऊन गेले, दिवसभर गर्दीत तो पोटाशी धरून उभे राहिले आणि संध्याकाळी तसाच परत घेऊन आले. एक फोटो नाही.

"मग नेला कशाला एवढा?" मी विचारलं.

"दर्शन झालं की. दोघांचंबी."

माझ्या धाकटीच्या वाढदिवसाला मीच मूर्खासारखं त्यांना बोलावलं. त्यांनी सगळ्या पोरांना उभं केलं. मग स्वतः उकिडवे बसले, उठले, डावीकडं गेले, उजवीकडं गेले, एक डोळा मिटला. "हलू नका. एकच खटका हाय!" पोरं श्वास धरून उभी. मेणबत्त्या वितळून केकवर आल्या, एक पोरगं रडायला लागलं, तरी आवाज काही येईना. शेवटी साहेबरावांनी कॅमेरा खाली घेतला आणि टोपरं बांधायला लागले.

"काय झालं?"

"न्हाई जमलं. खटका वाया गेला असता."

आमचे हे हसून हसून भिंतीला टेकले. मला मात्र असा राग आला होता म्हणता! मेण खरवडून केक वाटला मी पोरांना.

आणि खटका मारलाच, तर बोट असं झटकन उचलायचे जसं तापल्या तव्यावरून उचलावं. कारण साहेबानं बोंडं काढताना कॅमेऱ्याला अशी सवय लावून ठेवली होती, की बोट दाबून धरलं तर तो आपला काढतच राहायचा, खट् खट् खट् खट्.

"ते बंद करायचं बटण असेल की एखादं," मी म्हणलं.

"असंल. पण सायबानं जिथं सोडलंय तिथून कायबी हलवायचं न्हाई. एक हलवायला जावं अन् दुसरंच बिघडलं तर?"

एवढं भ्यायचं, तर मग हा कॅमेरा बाळगायचा कशाला? हे मी त्यांना तोंडावर विचारलं. झबल्याची नाडी तुटली म्हणून आले होते तेव्हा. त्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर मी त्यांची थट्टा जरा कमी केली.

लग्नाला वर्ष झालं नसेल, तोच त्यांची बायको तापानं गेली होती. सुमन नाव. तेरवीला चौरंगावर फोटो ठेवायची वेळ आली तेव्हा घरात शोधाशोध. सुमनचा एकच फोटो निघाला, लग्नातला. फोटोवाला ओरडत होता, नवरीबाई मान वर करा, आणि तिनं मान आणखी खाली घातली. स्टुडिओवाल्यानं त्यातलंच कापून मोठं करून दिलं. पदर, मुंडावळ्या आणि भांग.

"लोकांनी भांगाला फुलं वाह्यली, वैनी," साहेबराव म्हणाले. "तोंड कुणालाच दिसलं न्हाई. लई लाजाळू होती, काय करता. आता तर मलाबी नीट आठवत न्हाई."

दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. मूलबाळ नाही. भाऊ आपापल्या संसारात. आणि हा कॅमेरा हातात आल्यापासून त्यांनी एकच ठरवलं होतं. उरलेले खटके फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी. ज्यांचा धड एक फोटो नाही, त्यांच्यासाठी. माणूस गेल्यावर घरच्यांनी मतदानाचं ओळखपत्र घेऊन स्टुडिओकडं पळू नये. त्या ओळखपत्रावरचा फोटो तुम्ही बघितलाय ना? आमच्या ह्यांचा बघितला तर पोलीस आधी त्यांनाच धरून नेतील.

तर साहेबराव सुट्टीच्या दिवशी झबल्यातला कॅमेरा घेऊन निघायचे आणि एखाद्या आजोबांसमोर उकिडवे बसायचे. एकच खटका. मग स्वतःच स्टुडिओत जाऊन फोटो मोठा करून आणायचे आणि घरात देऊन यायचे. फोटो इतके छान यायचे, की घरचे लोक बघतच राहायचे. आपला म्हातारा एवढा देखणा होता हे कोणाच्या लक्षातच आलेलं नसायचं.

पण घोळ असा झाला, की म्हातारी माणसं ती. आज ना उद्या जाणारच. एक गेले, मग थंडीत आणखी कोणी गेलं, आणि प्रत्येकाच्या तेरवीला चौरंगावर साहेबरावांचा फोटो! झालं, कॉलनीत कुजबुज सुरू. साहेबरावाला आधीच कळतंय म्हणे. त्यानं टोपरं सोडलं की समजायचं.

कोपऱ्यावर चंपालालजींचं किराणा दुकान आहे. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आले, तेव्हापासूनचं. सेठजी दिवसभर गादीवर बसून असतात. पण साहेबराव गल्लीत दिसले, की ते गूळ-साखरेच्या पोत्यांमागं गडप. एकदा मी तिथंच उभी होते. साहेबराव बिचारे काड्याची पेटी घ्यायला आले होते. पोत्यांमागून आवाज आला, "सेठजी घर पे नहीं है! बाहरगाँव गये है!"

आवाज सेठजींचाच होता. साहेबरावांनी पेटीचे पैसे गादीवर ठेवले, पेटी उचलली आणि गेले. मला हसू आलं, आणि मागोमाग वाईटही वाटलं.

हे सगळं दुसऱ्याच्या घरी चाललं होतं तोवर गंमत होती. मग एक दिवस ते आमच्या फाटकाशी थांबले.

हिवाळ्याचे दिवस. दुपार कलत आली होती. माझ्या सासूबाई अंगणात ऊन धरून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं माहेरही हसनाबादच, त्यामुळं साहेबराव त्यांना आक्का म्हणतात आणि त्या त्यांना साहेब्या. मी ओट्यावर काजं करत होते आणि सासूबाई माझ्यावर ओरडत होत्या, कारण मी वरणात हिंग घालायचं विसरले होते. तेवढ्यात सुट्टी म्हणून कॅमेरा घेऊन निघालेले साहेबराव फाटकाबाहेर थबकले. एक डोळा मिटला. दोन पावलं मागं गेले. आणि त्यांनी टोपऱ्याची नाडी सोडली.

"अगं बया! साहेब्यानं टोपरं काढलं!"

सूप एकीकडं, शेंगा एकीकडं, आणि गुडघ्याच्या दुखण्यानं वर्षभर भिंत धरून चालणारी माझी सासू धावत घरात! आत जाऊन जी गोधडी ओढून घेतली, ती काढेचना. मी बाहेर बघितलं, तर साहेबराव तसेच उभे, तोंड एवढंसं झालेलं. मग नाडी बांधून खाली मान घालून निघून गेले.

सासूबाईंनी रात्रीची भाकरी नको म्हणलं. दुसऱ्या दिवशीही नको. नुसता चहा, तोही अर्धा. नणंदांना निरोप धाडायला लावला. कोणतं लुगडं नेसवायचं ते दाखवून ठेवलं. मला जवळ बोलावून हात हातात घेतला, माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि म्हणतात कशा, "माझ्या तेरवीला वरण पातळ करू नकोस. माणसं नावं ठेवतेत."

डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, म्हणाले आजींना काही झालेलं नाही, जेवायला घाला.

"डॉक्टरला काय कळतंय," सासूबाई गोधडीतून बोलल्या. "साहेब्याला कळतंय."

मी वरून हसून दाखवत होते, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. कालपर्यंत हिंगावरून घर डोक्यावर घेणारी बाई, आता वरणात मी काय घातलं काय नाही विचारीना. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे मशीन त्यांनी मला स्वतःच्या बांगड्या मोडून घेऊन दिलेलं. ही बाई एका टोपऱ्याच्या नाडीपायी अशी हातची जाते की काय, ह्या भीतीनं माझं मशीनवर चित्त लागेना. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

मग मात्र माझं डोकं फिरलं. कात्री ठेवली आणि तशीच साहेबरावांच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. खाट, ट्रंक, स्टोव्ह, तांदळाचा डबा. भिंतीवर एकच फोटो, तोच. पदर, मुंडावळ्या, भांग. साहेबराव खाटेवर बसून कॅमेरा कानाशी धरून बसले होते. मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. तुमचं लक्षण चांगलं नाही म्हणलं, आमच्या दारात पाय ठेवाल तर याद राखा म्हणलं, ते झबलं परत द्या म्हणलं. ते ऐकत राहिले. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, "वैनी, कोण कधी जाणार हे मला काय कळतंय? मला कळलं असतं, तर..." आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"मग टोपरं कशाला काढलं?"

"उजेड चांगला पडला होता. आक्का तुमच्यावर ओरडून राह्यल्या होत्या. लई झाक दिसत होत्या." मग त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला. "अन् ह्याचा आवाज बदललाय. मागल्या खेपेला खट् न्हाई झालं, खर्र झालं. आता थोडेच राह्यले असतील. म्हणलं, बाकी कुणाचा न्हाई निघाला तरी चालंल, पण आक्काचा एक काढून ठेवावा. आक्का आमच्या लग्नाला होत्या. हिचं तोंड पाह्यलेलं माणूस ह्या गावात तेवढंच हाय."

"अहो, मग इतक्या वर्षांत त्यांना कधी विचारलं नाही, कशी दिसायची म्हणून?"

"काय विचारू? माझ्याच बायकोचं तोंड कसं होतं म्हणून?"

मी दारातच बसले. तेच पुढं म्हणाले, "मला माझं काय न्हाई, वैनी. पण मी गेलो की मालक खोलीला चुना मारून घेणार. मंग हिला कुठं ठेवतील? माळ्यावर? ज्यानं तोंडच पाह्यलं न्हाई, त्यो हिला कशापायी सांभाळंल?"

इतके दिवस हा माणूस शटरची काळजी करतो असं आम्हाला वाटायचं.

घरी आले आणि सासूबाईंच्या उशाशी बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोधडीत हालचाल झाली. आधी एक डोळा बाहेर आला, मग आख्खं तोंड.

"म्हंजी त्याला कळत न्हाई?"

"काही कळत नाही. उजेड चांगला होता म्हणून थांबले होते."

"मेला!" सासूबाई उठून बसल्या. "भाकरी हाय का? अन् ते लुगडं काढ वरचं, हिरवं. बलीव त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच ऊन, तेच अंगण. सासूबाई हिरवं लुगडं नेसून, कपाळावर गोंदण होतं तिथं बुक्का लावून खुर्चीत बसल्या. साहेबराव उकिडवे बसले. बॅटरी खिशातून काढून घातली. "आक्का, हलू नका. एकच..." मी देवाचं नाव घेत होते, हे खरं सांगते. पडदा मोडला तर सासूबाई काय अर्थ काढतील ह्याचा नेम नव्हता.

खट्.

निघाला! साहेबरावांनी बोट उचललं आणि मटकन खाली बसले. तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"आण इकडं ते. आता तू बस."

"आक्का, माझा कशाला? माझा लावायला भिंत कुठं हाय?"

"ती काय!" सासूबाईंनी आमच्या बैठकीकडं बोट केलं, जिथं सासरे आणि आजेसासरे लागलेले आहेत. "दोन खिळे मारायला सांगते. तुझा बी अन् तिचा बी. माहेरची माणसं हायेत माझी. बस म्हणते ना!"

साहेबराव बसले. माझ्या सासूनं जन्मात कॅमेरा धरला नव्हता. मी भिंग साहेबरावांकडं वळवून दिलं आणि बोट कुठं दाबायचं ते दाखवलं. साहेबराव खुर्चीत असे ताठ, जसं कोणी दात काढायला बसवलंय.

"असलं सुतकी तोंड कामून केलं रे?" सासूबाई कॅमेऱ्याआडून म्हणाल्या. "सुमनला पुन्हा हसू आलं असतं बघ. त्या दिवशी बी काय हसून राह्यल्ती."

"कोण?"

"तुझी बायको रे! फोटोच्या टायमाला. मी मागंच उभी होते की तिच्या, पदर धरून."

"लाजली होती ती," साहेबराव हळूच म्हणाले.

"लाजती कशाची! तुझं बाशिंग वाकडं होऊन एका कानावर आल्तं, अन् तू आपला तसाच ऐटीत उभा. तिला हसू आवरंना. त्यो फोटोवाला म्हणतो मान वर करा, ती म्हणती आक्का, वर बघितलं की फुटंल मला हसू. पार हलत होती पोरगी. दात लई देखणे होते तिचे, सावळी होती, अन् हसली की इथं..."

बोलण्याच्या नादात सासूबाईंनी बटण दाबलं. दाबलं ते धरूनच ठेवलं. खट् खट् खट् खट् खट्! मी किंचाळले, "आई, बोट उचला!" पण त्यांना गोष्ट संपवायची होती. "...गालाला खळी पडायची, हितं!" खट् खट् खट्! मी साहेबरावांकडं बघितलं. वाटलं, आता हा माणूस ऊर फुटून मरणार.

साहेबराव हसत होते. आधी नुसते आ वासून बघत होते, मग त्यांचा हात डोक्याकडं गेला, मग खांदे हलायला लागले, आणि मग डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून असे हसले की खुर्ची करकरली. डोळ्यातून पाणी चाललेलं, आणि कॅमेरा आपला खट् खट् खट्... खर्र.

थांबला. सासूबाईंनी तो उलटासुलटा केला. "बिघडला काय रे? म्या काय केलं न्हाई."

मी कपाळावर हात मारला. साहेबराव उठले, त्यांनी कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरला. मग झबलं चढवलं, टोपरं घातलं, नाडी बांधली. म्हणाले, "असू द्या, आक्का. पुरला."

ह्याला आता काही वर्षं झाली. कॅमेरा तांदळाच्या डब्यातच आहे. चंपालालजी आता साहेबरावांना दुकानातून हाका मारतात, "साहेबराव, मेरा फोटो कब निकालोगे?" त्यांना कोणीतरी पढवून दिलंय, की ज्याचा फोटो निघतो तो मरतच नाही. कारण माझ्या सासूबाई अजून ठणठणीत आहेत. परवाच हिंगावरून ओरडल्या.

त्यांचा तो हिरव्या लुगड्यातला फोटो त्यांनी ट्रंकेत ठेवायला लावलाय, घाई नाही म्हणतात. भिंतीवर मात्र ते दोन खिळे मारलेले आहेत. एकावर सुमन. तिला हार असतो. शेजारी साहेबराव, डोळे मिटून, मान तिच्याकडं टाकून हसणारे. त्यांना हार नाही, म्हणून आल्यागेल्याला जरा कोडं पडतं. साहेबराव रोज ड्युटीवरून येताना चहाला थांबतात आणि बरोबर त्या भिंतीसमोर बसतात.

एखादी नवीन बाई ब्लाउज टाकायला येते, भिंतीकडं बघते आणि म्हणते, "नवरी किती लाजलीय बाई!"

"लाजून न्हाई!" आतून सासूबाई ओरडतात. "हसून राह्यली ती!"

आणि साहेबराव बशी खाली ठेवतात आणि डोक्यावर हात नेऊन, वाकडं झालेलं बाशिंग सरळ करावं तसं काहीतरी करतात.